दोन इमारतींमधलं तीन मीटर अंतर

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते ते आमचे सर, पेशंट समोर येऊन बसला की लगेच त्याच्या छातीला नळी लावत नसत. आधी विचारत, "राहता कुठं? मजला कितवा? खिडकी आहे का? उघडली तर समोर काय दिसतं?" बाहेर बाकावर माणसं खोकत बसलेली असायची आणि आम्हा शिकाऊ डॉक्टरांना वाटायचं, सर उगाच वेळ लावताहेत. ते मात्र उत्तरं केसपेपरच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहून ठेवत. 'तळमजला, समोर भिंत.' 'कारखान्यात झोपतो, दहा जण.' 'पोटमाळा, खिडकी नाही.' पुढं मी मुंबईत क्षयरोगाच्या कामाला लागलो, वॉर्डाचा नकाशा भिंतीवर चिकटवून त्यात टाचण्या टोचू लागलो, तेव्हा कळलं की माझ्या टाचण्यांना फक्त पत्ते ठाऊक होते. सरांच्या पेन्सिलीला कारणं ठाऊक होती.

एका शहरात टीबी कुठं साचतो, आणि उपचार कुठं तुटतात, एवढाच आजचा विषय आहे. शहर मुंबई, कारण ते मी पायी पाहिलं आहे.

सुरुवातीला एक गोष्ट स्पष्ट करतो. रॉबर्ट कॉखनं 24 मार्च 1882 रोजी बर्लिनमध्ये टीबीचा जंतू जाहीर केला, त्याला आता जवळजवळ दीडशे वर्षं होत आली. जंतू हवेतून पसरतो, म्हणून आपल्याला वाटतं की तो सगळ्यांना सारखाच गाठतो. पण जंतू शरीरात गेलेल्यांपैकी आयुष्यभरात साधारण पाच ते दहा टक्के लोकांनाच आजार होतो. बाकीच्यांचं शरीर त्याला कोंडून ठेवतं. भारतात असा जंतू कोट्यवधी लोक अंगात घेऊन फिरतात. या सभागृहातही बरेच असतील. तेव्हा नकाशाला विचारायचा प्रश्न असा: कोंडलेला जंतू कुणाच्या अंगात सुटतो, कुणाच्या घरात तो पुन्हा पुन्हा श्वासावाटे जातो, आणि औषध सुरू झाल्यावरही कोण बरं होत नाही? या तिन्ही प्रश्नांची उत्तरं शहरभर सारखी पसरलेली नसतात. ती काही गल्ल्यांत गोळा झालेली असतात.

अशा नकाशाची परंपरा जुनी आहे. कॉलऱ्यासाठी लंडनमध्ये जॉन स्नोनं 1854 मध्ये काढलेला नकाशा सगळ्यांना माहीत असतो. मला मात्र न्यूयॉर्कचं उदाहरण जास्त जवळचं वाटतं. 1890 च्या दशकात तिथल्या आरोग्य खात्यानं, हर्मन बिग्ज यांच्या पुढाकारानं, टीबीच्या रुग्णांची नोंद घ्यायला सुरुवात केली. 1900 मध्ये लॉरेन्स व्हेलर यांनी त्या शहरातल्या भाड्याच्या चाळवजा इमारतींचं एक प्रदर्शन भरवलं. त्यात नकाशे टांगलेले होते. इमारतीगणिक काळे ठिपके होते आणि एक ठिपका म्हणजे टीबीचा एक रुग्ण. काही इमारती ठिपक्यांनी काळ्या झाल्या होत्या. लोकांनी ते पाहिलं, चौकशी आयोग बसला, आणि 1901 मध्ये कायदा झाला: यापुढं बांधल्या जाणाऱ्या घराच्या प्रत्येक खोलीला बाहेर उघडणारी खिडकी हवी. स्ट्रेप्टोमायसिन यायला तेव्हा आणखी चाळीसहून अधिक वर्षं होती. हातात औषध नसताना त्या शहरानं नकाशा वाचला आणि खिडकी बांधली.

आणि मुंबई? मुंबईनं हा धडा त्याच काळात, स्वतःच्या दुःखातून घेतला होता. 1896 ला प्लेग आला. 1898 मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टनं माणसांना घरांतून हुसकावलं, जुन्या वस्त्या पाडल्या, आणि त्यातल्या अनेकांना बदली घर कधीच मिळालं नाही; त्याचं कौतुक मी करणार नाही. पण ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी 1912 च्या सुमारास मुंबईच्या घरांतला उजेड आणि हवा यावर जे मांडलं, ते आजही कुणी हाती घ्यावं असं आहे. त्यांचा आग्रह 63½ अंशांच्या कोनाचा होता. खोलीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेषा ओढली तर ती जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांहून जास्त उभी असू नये. साध्या भाषेत, समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या निम्मी जागा मध्ये मोकळी. गवंड्यालाही समजेल असा हा नियम आहे. दादर-माटुंग्याच्या जुन्या रस्त्यांवरून चालताना खालच्या मजल्याच्या घरातसुद्धा दुपारी पेपर वाचता येतो, त्यामागं त्या काळाचं हे गणित आहे.

आता मी तुम्हाला एम पूर्व विभागात नेतो.

गोवंडी, मानखुर्द, शिवाजीनगर, बैंगनवाडी, चीता कॅम्प, देवनार. 2011 च्या जनगणनेत इथं आठ लाखांवर माणसं मोजली गेली. 2009 च्या मुंबई मानव विकास अहवालात सगळ्या वॉर्डांत हा वॉर्ड शेवटी होता. टीबीचा कुठलाही नकाशा काढा, तो इथं लाल होतो. वर्तमानपत्रं लिहितात, 'गोवंडी टीबीचं केंद्र'. वाचणाऱ्याला वाटतं की त्या मातीतच काहीतरी आहे, किंवा तिथल्या लोकांच्या राहणीत.

हा वॉर्ड तयार कसा झाला ते बघा. देवनारचं डम्पिंग ग्राउंड 1927 चं. शहराचा कचरा तेव्हापासून इथं येतो. 1970 च्या दशकात शहरातल्या झोपड्या हटवून माणसं शिवाजीनगरच्या आखलेल्या प्लॉटांवर आणून सोडली. 1976 मध्ये अणुशक्ती केंद्राजवळची जनता कॉलनी उठवली आणि तिथल्या हजारो लोकांना चीता कॅम्पच्या दलदलीत बसवलं. 2000 नंतर रेल्वेमार्ग आणि रस्ते रुंद करायचे ठरले, तेव्हा रुळांच्या कडेची कुटुंबं लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंडच्या इमारतींत पाठवली. म्हणजे शंभर वर्षं शहराला जे आपल्या जवळ नको होतं, ते या एका कोपऱ्यात येत गेलं: कचरा, कत्तलखाना, आणि रस्त्याच्या आड येणारी माणसं. इथं टीबी साचला तो आपोआप साचलेला नाही. ज्यांना आधीच जागा, पगार आणि अन्न कमी होतं अशी माणसं सरकारी आदेशानं एका ठिकाणी गोळा केली, मग तिथं आजारही गोळा झाला.

आणि आता मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. 'डॉक्टर्स फॉर यू' ही संस्था आणि आयआयटी मुंबईतले संशोधक यांनी याच वॉर्डातल्या तीन पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास केला: लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजीपी वसाहत. चार हजारांवर घरांत जाऊन त्यांनी विचारलं, घरात टीबी झाला आहे का. तिन्ही वसाहती एकाच भागातल्या, माणसं साधारण एकाच परिस्थितीतली, घरं लहानच. पहिल्या दोन वसाहतींत दहा घरांमागे एका घरात टीबी निघाला. पीएमजीपीत शंभर घरांमागे एका घरात. दहापट फरक. संशोधकांनी मग इमारतींचं अंतर, खिडक्यांची जागा, आकाश किती दिसतं, वारा कसा फिरतो हे संगणकावर मांडून पाहिलं. लल्लूभाई आणि नटवर पारेखमध्ये दोन इमारतींमधलं अंतर तीन मीटर. खालच्या मजल्यांवर ना ऊन, ना वारा. पीएमजीपीत अंतर जास्त, मोकळी जागा जास्त.

तीन मीटर म्हणजे किती? एका बाजूनं मी हात पुढं केला आणि समोरच्या खिडकीतून तुम्ही केला, तर मध्ये एका माणसाएवढंच अंतर उरतं. त्या फटीत लोक कचरा टाकतात, कारण तिथं उतरून कुणाला झाडता येत नाही. मग वास येतो, डास येतात, म्हणून घरचे खिडकी बंद करतात आणि वर प्लास्टिक लावतात. मी अशा घरात दुपारी बारा वाजता दिवा लावून मुलांना अभ्यास करताना पाहिलं आहे. पुनर्वसनाच्या या घरांचं क्षेत्रफळ तेव्हा 225 चौरस फूट होतं. त्यात सहा-सात माणसं. एक जण खोकला की ती हवा तासन् तास तिथंच.

ऑरच्या कोनानं हिशेब करू. सात मजल्यांची इमारत, मजल्याला तीन मीटर धरले तर एकवीस मीटर उंच. निम्मं अंतर म्हणजे साडेदहा मीटर मोकळं हवं. सोडलं किती? तीन. साडेत्रेसष्ट अंशांचा कोन ब्याऐंशीच्या जवळ गेला. 1912 मध्ये, प्लेगच्या भीतीनं का होईना, परक्या सरकारचा अधिकारी जे मान्य करत नव्हता, ते आपण स्वतंत्र देशात, विकास नियंत्रण नियमावलीत खास सवलत देऊन, कायदेशीर केलं. सवलत दिली कुणाला? कागदावर गरिबांच्या घरांना. खरं तर सवलत गेली जमिनीच्या हिशेबाला. एकाच तुकड्यावर आणखी एक इमारत बसली. बिल्डरला सवलत आणि रहिवाशाला टीबी, इतका सरळ हा व्यवहार आहे.

हवेचं हे शास्त्र नवं नाही. 1950 च्या दशकात बाल्टिमोरमध्ये विल्यम वेल्स आणि रिचर्ड रायली यांनी टीबी वॉर्डातली हवा नळ्यांतून वरच्या मजल्यावरच्या गिनीपिगांपर्यंत नेली आणि ते आजारी पडले. त्या काळापासून हवेचा दोष सिद्ध आहे. पेरूच्या लिमा शहरात 2007 मध्ये रुग्णालयांची मोजणी झाली, तेव्हा उंच छताचे आणि मोठ्या खिडक्यांचे जुने वॉर्ड नव्या बांधणीच्या वॉर्डांपेक्षा कितीतरी चांगले निघाले. आमच्या शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयातले जुने वॉर्ड ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे लगेच पटेल. पूर्वी रुग्णालयाला जेवढा वारा लागायचा तेवढा आता घराला मिळत नाही.

मात्र लाल रंगावर आंधळा विश्वास ठेवू नका. माझ्या पहिल्या नकाशात शिवडीचा भाग भलताच गडद आला होता. मी घाबरून साहेबांना दाखवला. कारण साधं निघालं: शिवडीला मोठं टीबी रुग्णालय आहे, आणि बऱ्याच नोंदींत राहत्या घराऐवजी उपचाराचं ठिकाण पडलं होतं. उलटंही होतं. कल्याण-पनवेलचा, रत्नागिरीचा, उत्तर प्रदेशातून आलेला पेशंट मुंबईत औषध मिळावं म्हणून मावशीचा पत्ता देतो. मग मावशीची गल्ली लाल होते. ज्या वॉर्डात बेडक्याची तपासणी जास्त तिथं रुग्ण जास्त सापडतात. ज्या गल्लीत आरोग्यसेविका महिनोन् महिने गेलीच नाही ती नकाशावर निरोगी, हिरवी दिसते. ती हिरवी जागा मला लालपेक्षा जास्त भीती दाखवते. 2019 ते 2021 दरम्यान देशभर झालेल्या टीबीच्या पाहणीत दिसलं की लक्षणं असलेल्या लोकांपैकी 64 टक्के लोक कुठल्याच डॉक्टरकडं गेले नव्हते. त्यांच्या घरांवर कुठलीच टाचणी नसते.

लहान आकड्यांचा धोका वेगळाच. पाचशे माणसांच्या एका गल्लीत वर्षात एक रुग्ण सापडला तर दर लाखाला दोनशे झाला. पुढच्या वर्षी दोन सापडले तर चारशे. गल्ली तीच, माणसं तीच, नकाशा दुप्पट लाल. म्हणून शहाणे लोक शेजारच्या गल्ल्यांचा आधार घेऊन आकडा स्थिर करतात, चार-पाच वर्षांची बेरीज घेतात, आणि मगच बोलतात. ज्या आकड्याखाली लोकसंख्या लिहिलेली नसते, तो आकडा मी वाचत नाही. मुंबईत अलीकडं वर्षाला साठ हजारांच्या आसपास रुग्णांची नोंद होते. त्यातले किती, कुठल्या वस्तीत, किती माणसांमागे, हे नागरिकाला सहज मिळत नाही. वॉर्डाचा एक आकडा मिळतो. एम पूर्व वॉर्डात चीता कॅम्पही आहे आणि देवनारच्या चांगल्या सोसायट्याही आहेत. आठ लाखांची सरासरी काढली की दोघांचंही खरं पुसलं जातं.

आणखी एक सांगितलं पाहिजे. आपला नकाशा माणूस जिथं झोपतो ती जागा दाखवतो. माणूस श्वास मात्र दिवसभर घेतो. दक्षिण आफ्रिकेत केप टाऊनजवळ टीबीचं प्रमाण फार मोठं असलेल्या वस्तीत जंतूंची जनुकीय ओळख पटवून पाहिलं, तेव्हा घरातल्या घरात झालेला संसर्ग फक्त 19 टक्के निघाला. उरलेला बाहेरचा. गोवंडीतले जरीचे कारखाने आठवा: एका खोलीत दहा-बारा कारागीर, अड्ड्यावर, म्हणजे भरतकामाच्या चौकटीवर, वाकून दिवसभर काम, रात्री अड्डे उभे करून त्याच खोलीत झोप. त्यांचा पत्ता विचारला तर बिहारमधल्या गावाचा. मुंबईच्या नकाशात ते नाहीत, गावच्या नकाशातही नाहीत. सरांच्या पेन्सिलीच्या ओळींत ते होते.

आता उपचारांकडं वळतो. इथं मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण आजार आणि उपचार या दोघांचा नकाशा एकच असेल असं बहुतेक लोक गृहीत धरतात.

2013 च्या भारतातल्या आकड्यांवरून संशोधकांनी एक हिशेब मांडला आहे. देशात टीबीचे शंभर रुग्ण धरा. त्यातले 72 सरकारी कार्यक्रमाच्या केंद्रापर्यंत तपासणीला पोहोचले. 60 जणांचं निदान नीट झालं. 53 जणांची उपचारासाठी नोंद झाली. 45 जणांनी औषधं पूर्ण केली. आणि त्यानंतर वर्षभर आजार परत न येता जिवंत राहिले ते 39. आपण कार्यक्रमाच्या अहवालात बरं होण्याची टक्केवारी वाचतो ती नोंद झालेल्यांतून काढलेली असते. नोंदीआधी गळलेली माणसं त्या टक्केवारीत मोजलीच जात नाहीत. प्रत्येक पायरीवरची ही गळती शहरात कुठं होते, याचा नकाशा हवा. आजाराच्या नकाशापेक्षाही तो तातडीचा आहे, कारण तिथं माणूस दारापर्यंत आलेला असतो आणि आपण त्याला परत पाठवतो.

गळतीचा इतिहास मुंबईला चांगला ठाऊक आहे. 1991 मध्ये मुकुंद उपळेकर आणि डोनाल्ड शेपर्ड यांनी धारावीतल्या शंभरएक खासगी डॉक्टरांना विचारलं, टीबीला काय औषध देता? त्यांनी 80 वेगवेगळे कोर्स लिहून दिले. 2010 मध्ये डॉ. झरीर उडवाडिया आणि सहकाऱ्यांनी मुंबईत हाच प्रश्न 106 डॉक्टरांना विचारला. 63 वेगवेगळी उत्तरं आली, आणि बरोबर उत्तर दिलं ते फक्त सहा डॉक्टरांनी. वीस वर्षांत शहरात उड्डाणपूल झाले, पण चिठ्ठी सुधारली नाही. त्याचा हिशेब लगेच समोर आला. 2011 च्या अखेरीस हिंदुजा रुग्णालयातल्या डॉ. उडवाडिया यांच्या गटानं चार रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली, ज्यांच्यावर तेव्हा तपासलेल्या कुठल्याच औषधाचा असर होत नव्हता. देश हादरला. मे 2012 मध्ये टीबीची नोंद प्रत्येक डॉक्टरला सक्तीची झाली, 2012 पासूनच निक्षय प्रणालीत नावं भरली जाऊ लागली, रक्ताच्या बोगस तपासण्यांवर बंदी आली. मुंबईत कार्यक्रमाची फेररचना होऊन 24 प्रशासकीय विभागांना 24 वेगळे क्षयरोग जिल्हे आणि अधिकारी मिळाले. त्या चार रुग्णांमुळं मुंबईचा नकाशा बदलला हे खरं आहे. आधीच्या वीस वर्षांत कुणी चिठ्ठ्या वाचल्या असत्या तर ते चार रुग्ण बहुधा झालेच नसते, हेही तितकंच खरं.

आणि औषधाला न जुमानणारा जंतू आता चुकीच्या औषधानंच होतो असं राहिलेलं नाही. तो तसाच तयार स्थितीत एकाच्या फुप्फुसातून दुसऱ्याच्या फुप्फुसात जातो. जिनं टीबीची एकही गोळी कधी खाल्ली नाही अशा मुलीला पहिलाच आजार एमडीआर, म्हणजे अनेक औषधांना न जुमानणारा, निघतो. तिचा दोष काय? तिनं श्वास घेतला.

आता मजल्यांबद्दल. मी एका वस्तीतले उपचार अर्धवट सोडलेले रुग्ण कागदावर मजल्यानं मांडून पाहिले होते. सर असते तर त्यांनी हेच केलं असतं. खालच्या मजल्यांवर ना ऊन, ना वारा, हे आधी सांगितलं. उपचार सोडणारे मात्र खूपदा वरच्या मजल्यावरचे निघायचे. कारण लिफ्ट बंद. सहाव्या मजल्यावरची एक बाई मला म्हणाली, "डॉक्टर, उतरते मी, पण चढायचं कुणी?" एका फुप्फुसावर सहा मजले चढायचे म्हणजे काय, हे आमच्या एकाही फॉर्ममध्ये लिहायला जागा नव्हती. त्या फॉर्मवर तिच्यासमोर पूर्वी 'डिफॉल्टर' असा शब्द पडायचा, जणू तिनं बँकेचं कर्ज बुडवलं. आता शब्द बदलला आहे, 'लॉस्ट टू फॉलो-अप'. सलग महिनाभर औषधं चुकली की तो शिक्का बसतो. ती कुठंही हरवलेली नव्हती. ती घरीच होती, सहाव्या मजल्यावर, आणि आम्हाला पत्ता माहीत होता.

उपचार तुटण्याची बाकीची कारणं तुम्ही ओळखू शकाल. नाक्यावर रोजचं काम असलेल्या माणसाला केंद्र उघडायच्या वेळेत यायचं तर दिवसाची मजुरी जाते. सहा महिन्यांच्या कोर्समध्ये दोन महिन्यांनी ताप-खोकला थांबतो आणि घरचे म्हणतात, बरा झालास की. सणाला गावी गेला, तिथल्या केंद्रात नोंद बदलून मिळाली नाही. घर खाली करावं लागलं आणि पुनर्वसनात दुसऱ्या वॉर्डात गेला. फाइल जुन्या वॉर्डात राहिली. आणि लग्नाच्या वयाची मुलगी असेल तर तिचं औषध शेजारच्या वस्तीतून, ओळख नसलेल्या दुकानातून येतं, आणि विचारलं की सांगतात, टायफॉइड झालाय. म्हणून घराघराचा ठिपका दाखवणारा नकाशा कधीही लोकांसमोर टांगू नये. न्यूयॉर्कनं 1900 मध्ये टांगला, कारण त्याला इमारत दाखवायची होती. आज आपण माणूस दाखवला तर त्या मुलीचं आयुष्य विस्कटेल. इमारतीची उंची, अंतर, खिडकी, पायऱ्या हे उघड छापा. माणसांची संख्या मोठ्या तुकड्यांत द्या. नाव-पत्ता फक्त उपचार करणाऱ्याच्या हातात.

अन्नाबद्दल थोडंच बोलतो, कारण त्यात वाद उरलेला नाही. झारखंडमध्ये डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांनी टीबीच्या रुग्णांच्या घरच्यांना पोषक धान्य दिलं, तर त्या घरच्यांमध्ये नवा टीबी जवळजवळ चाळीस टक्क्यांनी कमी झाला. 2023 मध्ये हे प्रसिद्ध झालं. निक्षय पोषण योजनेत रुग्णाला मिळणारे महिना 500 रुपये नोव्हेंबर 2024 पासून 1000 झाले. घरातल्या बाकीच्यांनाही द्या, एवढंच म्हणतो.

आता कुणी विचारेल, सगळ्या शहरात टीबी आहे, मग एका कोपऱ्यामागं का लागायचं? ब्राझीलच्या रिओ दी जानेरोवर 2012 मध्ये एक गणिती अभ्यास झाला. शहरातल्या 6 टक्के लोकांच्या दाट वस्तीतून शहरातला 35 टक्के संसर्ग पसरत होता. तिथला टीबी इतर शहराएवढा खाली आणला असता तर सगळ्या शहराचा फायदा होता. लोकल गाडीत गोवंडीचा माणूस आणि दादरचा माणूस एकाच खांबाला धरून उभे असतात. पण हा मुद्दा मांडताना मला संकोच वाटतो. गोवंडीच्या मुलाला उजेड मिळावा तो दादरच्या माणसाला टीबी होऊ नये म्हणून, असं मला म्हणायचं नाही. त्याला उजेड मिळावा कारण तो तिथं राहतो.

शेवटचं. धारावीचा पुनर्विकास सुरू झाला आहे. ज्या धारावीतल्या ऐंशी वेगवेगळ्या चिठ्ठ्यांबद्दल मी सांगितलं, तीच धारावी. तिथल्या जागेस अपात्र ठरणाऱ्या कुटुंबांना कुठं न्यायचं याचा शोध चालू आहे, आणि 2024 मध्ये राज्य सरकारनं त्या पुनर्वसनासाठी देवनार डम्पिंग ग्राउंडच्या जमिनीचा मोठा तुकडा द्यायचं ठरवलं. 1927 चं देवनार, 1976 चा चीता कॅम्प, 2000 नंतरचं लल्लूभाई, आणि आता हे. त्याच वॉर्डात पुन्हा माणसं पाठवायची आहेत. मी त्या निर्णयाला माझ्या परीनं विरोध करत आलो आहे आणि करणार आहे. पण तो बदलला नाही, तरी त्या इमारती अजून उभ्या राहिलेल्या नाहीत. दोन इमारतींमधलं अंतर आज कागदावरच्या रेषेएवढंच आहे, आणि रेषा खोडता येते.

या सभागृहात वास्तुरचनाकार आहेत, अभियंते आहेत, पत्रकार आहेत, वस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्या आहेत. तुम्हाला माझी विनंती एवढीच आहे. पुनर्वसनाचा कुठलाही आराखडा सूचना-हरकतींसाठी आला की फ्लॅटचं क्षेत्रफळ वाचण्याआधी दोन इमारतींमधलं अंतर वाचा आणि शेजारी त्यांची उंची मांडा. अंतर उंचीच्या निम्म्याहून कमी असेल, तर मुदतीच्या आत लेखी हरकत द्या, तिची पोच घ्या, आणि त्या हरकतीत लल्लूभाई, नटवर पारेख आणि पीएमजीपी या तीन वसाहतींची नावं लिहा.